छातीवरचा हात

इसीजी काढायला टेबलावर आडवा झालेला माणूस मला हमखास एक प्रश्न विचारायचा, "शिस्टर, करंट बसंल का?"

मी सांगायचे, "बाबा, मशीन करंट देत नाही. तुमच्या काळजात जो करंट फिरतो, तो कागदावर काढते." बहुतेकांना ते पटायचं नाही. दात-ओठ आवळून, मुठी घट्ट धरून पडून राहायचे, आणि मग त्या आवळलेल्या अंगामुळे कागदावर नुसती झुडपं उमटायची. पुन्हा काढावा लागायचा. खांब गावचे एक म्हातारे मात्र उलट मागणी घेऊन आले. मागच्या वेळी चिमटे लावल्यावर छाती हलकी झाली होती, तर आजही तेवढे लावा, गोळ्या नकोत. गर्दी फार होती आणि वाद घालायला वेळ नव्हता. मी चिमटे लावले, थोड्या वेळाने काढले. म्हातारे खूश होऊन गेले. पुढच्या शुक्रवारी आपल्या विहिणीला घेऊन हजर! डॉक्टरसाहेबांनी मला आत बोलावून जे ऐकवायचं ते ऐकवलं.

नव्वदच्या दशकात पेणला आमचं हे हॉस्पिटल होतं. खाजगी, मोजक्या खाटांचं, पण हृदयाचा माणूस आणायचा म्हटलं की खाडीकडच्या गावांपासून कोलाडपर्यंतचे लोक आमच्याकडे यायचे. मी तिथे सिस्टर. आठवड्यातून दोन दिवस डॉक्टरसाहेब रोह्याला जायचे, नदीजवळ एका दुकानाच्या मागच्या खोलीत तपासायचे. इसीजीची मशीन तेव्हा एवढी मोठी असायची की गाडीत मागच्या सीटवर मी ती मांडीवर घेऊन बसायचे, लेकरू घ्यावं तशी. नागोठण्यापुढे रस्ता इतका खराब होता की डॉक्टरसाहेब प्रत्येक खड्ड्याला मागे वळून आधी विचारायचे, "मशीन ठीक?"

मनगटांना आणि पायांना चिमटे, छातीवर रबरी फुगे, त्याखाली थंडगार जेली. फुगे काढल्यावर छातीवर लाल गोल वळ राहायचे, ते पाहून घरचे घाबरायचे. गणपतीच्या आधी पेणच्या मूर्तींच्या कारखान्यांतले कारागीर यायचे, त्यांच्या अंगावर प्लास्टरचा असा थर की फुगा चिकटायचाच नाही, आधी ओल्या फडक्याने छाती पुसून घ्यावी लागायची. बायका यायच्या त्या फार उशिरा यायच्या. त्यांची छाती दुखली की घरात ते पित्त असायचं.

हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या, की तेव्हा आमच्याकडे सांगण्यासारखे तीन रस्ते असायचे. पहिला, गोळ्या. रोजच्या गोळ्या आणि छाती भरून आली की जिभेखाली ठेवायची गोळी. दुसरा, फुगा. मुंबईला जांघेतून नळी घालून अडलेल्या जागी फुगा फुगवायचा, वाट मोकळी करायची. तिसरा, बायपास. छातीचं हाड मधोमध कापून, पायातली शीर काढून हृदयावर नवी वाट जोडायची. कुणाला काय लागेल हे मुंबईची अँजिओग्राफी सांगायची. पण त्यानंतर घरी परतलेला माणूस कसा जगतो, हे सांगायला मुंबईचे डॉक्टर इथे नसत. ते आम्ही बघायचो. म्हणजे, आमच्यासमोर असायचं. बघायचो असं म्हणताना आता जड जातं.

रोह्याच्या नदीपलीकडे, अष्टमीत बेकरी असलेल्या करीमचाचांनी फुगा घालून घेतला. आठवड्याभरात परत आले ते नव्या नवऱ्यासारखे. "सिस्टर, चीरफाड नाही, टाके नाहीत. लोक उगाच छाती फाडून घेतात," म्हणाले आणि बिस्किटांचा पुडा टेबलावर ठेवला. पथ्य, चालणं, गोळ्या, सगळं त्यांनी तिथेच सोडलं, कारण आपण बरे झालो असं ते धरून चालले. थंडी संपायच्या आत तीच वाहिनी पुन्हा बुजली. तेव्हा असं पुष्कळांचं व्हायचं. दुसऱ्यांदा फुगा घालून आले तेव्हा बिस्किटांचा पुडा होता, पण थट्टा नव्हती. पहाटे भट्टीपाशी उभं राहणं त्यांनी सोडलं. "पहले सिर्फ दर्द था," ते मला म्हणाले, "आता दर्द कधी येईल हा हिसाब असतो." त्यांचं वाक्य मी ऐकलं आणि पुढच्या माणसाचे चिमटे लावायला गेले. ते वाक्य मला वसंतच्या बाबतीत उपयोगी पडायला हवं होतं.

आता वसंत आणि दत्ताराम. दोघं साडू. हिरा आणि सुलोचना या सख्ख्या बहिणी, पेणच्या खाडीकडच्या गावातल्या. थोरली हिरा जवळच्याच गावात दिलेली, नवरा दत्ताराम मिठागरावर. धाकटी सुलोचना अष्टमीत, नवरा वसंत रोह्याजवळच्या धाटावला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. दिवाळीला, गावच्या जत्रेला चौघं एकत्र. दत्ताराम मोठ्या आवाजाचा, वसंत नीटनेटका, शर्टाची इस्त्री न मोडणारा. दत्ताराम त्याला "कंपनी" म्हणायचा. "काय कंपनी, शिफ्ट संपली का?"

आधी वसंतला झटका आला. फर्स्ट शिफ्ट संपवून बसमधून उतरला आणि पुलाजवळ खाली बसला. आमच्याकडे आणला, जगला. मुंबईला अँजिओग्राफी झाली, तीन वाहिन्या बंद निघाल्या. बायपास झाला, कंपनीने खर्चाची जबाबदारी घेतली. उत्तम ऑपरेशन झालं होतं. परत आला तेव्हाचा त्याचा इसीजी मी काढला. डॉक्टरसाहेब कागद उजेडाकडे धरून म्हणाले, "वसंतराव, आता तुम्ही माझ्यापेक्षा फिट."

वसंत हसला नाही. त्याचा उजवा हात छातीवर होता.

बायपासच्या माणसाला हॉस्पिटलात शिकवतात, खोकला आला की छातीला उशी धरा, हाड जुळायचं असतं. ते काही आठवड्यांपुरतं. वसंतची उशी सुटली, पण हात तिथेच राहिला. चालताना, जेवताना डाव्या हाताने घास घेत, खुर्चीत बसून रस्त्याकडे बघताना, उजवा हात छातीवर. सुलोचना सांगायची, झोपेतही असतो.

तीन महिन्यांनी कामावर जायचं सर्टिफिकेट मिळालं. कंपनीने हलकं काम दिलं, स्टोअरमध्ये. काही दिवस गेला. मग एकदा जिना चढताना धडधडलं म्हणून मध्येच बसला, लोकांनी उचलून आणला. इसीजी चांगला. पुन्हा एकदा तसंच. इसीजी चांगला. मग त्याने जाणंच सोडलं. घरात पाण्याची बादली उचलणं सोडलं, मग बाजारात जाणं सोडलं, मग गॅलरीतून खाली उतरणंही. सुलोचना शेजारणीकडे गेली तरी हाक मारायचा. रात्री तिने कूस बदलली की विचारायचा, "जागी हायस ना?" नवराबायकोचं म्हणून जे असतं ते संपलं होतं. तिने हे मला चिमटे पुसता पुसता, दुसरीकडे बघत सांगितलं. मी म्हटलं, "होतं असं, वेळ लागतो." तेव्हा आम्ही सगळ्यांना हेच म्हणायचो.

डॉक्टरसाहेब दर खेपेला विचारायचे, "छातीत दुखतं?"

"नाय."

"दम लागतो?"

"नाय."

"छान." केसपेपरवर तसं लिहिलं जायचं. ऑपरेशन यशस्वी होतं आणि ते खोटं नव्हतं. जगणं कसं चाललंय हे लिहायला केसपेपरवर जागा नव्हती आणि बाहेर बाकावर पेशंट ताटकळलेले असायचे.

वर्ष दीड वर्षाने दत्तारामची छाती भरून यायला लागली. मिठागराच्या बांधावरून चालताना मध्ये थांबायचा, गळ्यापर्यंत आवळल्यासारखं व्हायचं, उभा राहिला की जायचं. हिराच त्याला ओढून पेणला घेऊन आली. टेबलावर पडल्या पडल्या त्याने विचारलं नाही, करंट बसेल का. त्याने विचारलं, "शिस्टर, यात आवाज येत नाय का? मना वाटला बँडसारखा वाजंल."

मुंबईला अँजिओग्राफी झाली. मुख्य फाट्याजवळच अडथळा. डॉक्टरसाहेबांनी त्याला आणि हिराला बसवून, कागदावर हृदय काढून दाखवलं. "याला गोळ्या पुरणार नाहीत. बायपास करायला हवा." पैशाचं म्हणाल तर एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात सोय झाली होती, डॉक्टरसाहेबांनी स्वतः शब्द टाकला होता. तारीखही मिळण्यासारखी होती.

हिरा म्हणाली, "आमी वसंताला बघून येतो. त्याचा जालाय ना हाच."

मला ते बरं वाटलं. ज्याचं झालंय त्याच्याकडून ऐकलेलं लोकांना पटतं.

पुढच्या आठवड्यात दोघं आली. बोलली ती हिरा. "नाय करायचा."

"का?" डॉक्टरसाहेबांनी विचारलं.

"वसंताला बघितला ना. दीड वर्स जालं, अजून छातीवरचा हात निघत नाय. आमच्यासमोर रडला. माझी बहीण त्याला लहान पोरासारखा आंघोल घालते. एवढा दुखतंय त्याला अजून! डॉक्टर, माझा माणूस मिठात उभा राहनारा हाय. त्याला मी असा खुर्चीत बसवनार नाय."

"वसंतला दुखत नाही," डॉक्टरसाहेब म्हणाले.

"मी डोल्याने बघितलाय," हिरा म्हणाली.

डॉक्टर सांगतोय एक आणि बहिणीच्या नवऱ्याचा हात सांगतोय दुसरं. तिने कुणाचं ऐकावं? डॉक्टरसाहेबांनी पुष्कळ समजावलं. शेवटी गोळ्या लिहून दिल्या आणि ओझं उचलायचं नाही असं बजावलं.

गोळ्यांवर दत्ताराम पहिलं वर्ष खरोखर बरा जगला. हे मी मुद्दाम लिहिते, कारण त्याचा शेवट माहीत असल्यामुळे लोक ते वर्ष विसरतात. मिठाच्या टोपल्या उचलणं त्याने बंद केलं, पण फळीने मीठ ओढून ढीग लावायला तो उभा राहायचाच. जिभेखालची गोळी शर्टाच्या खिशात. ती घेतली की डोकं ठणकायचं, म्हणून तिला तो "ठोकी" म्हणायचा. "शिस्टर, ठोकी संपली, दे लिवून." मुलीचं लग्न केलं, हळदीला सगळ्यांत पुढे नाचला. येताना सुके बोंबील घेऊन यायचा आणि डॉक्टरसाहेबांनी मीठ कमी खा म्हटलं की खोलीभर हसायचा. "मी नाय खाल्ला तर पिकवतो कुनासाठी?"

दुसऱ्या वर्षी तो बारीक बारीक गोष्टी सोडत गेला. जेवून लगेच चालत नसे. वाऱ्याच्या दिवशी बांधावर जात नसे. कुणाशी बोलत चालत नसे, कारण बोलणं आणि चालणं दोन्ही एकदम जमत नव्हतं. मोठ्या आवाजाच्या माणसाचा आवाज खाली आला होता. एकदा हिरा औषधाच्या दुकानात गेलेली असताना त्याने मला सांगितलं, "घरापासून बांधापर्यंत आता ठोकी जिभेखाली घेऊनच जातो. हिरीला बोलू नको."

मी ते डॉक्टरसाहेबांना सांगितलं. त्यांनी दोघांना पुन्हा बसवलं. या वेळी हिरा डगमगली, मला दिसलं. ती म्हणाली, "परत जाऊन येते अष्टमीला." गेली, एकटीच. त्या दिवशी वसंतला वाटलं होतं की पुन्हा झटका येतोय. घाम सुटलेला, हात छातीवर घट्ट, सुलोचना त्याला वारा घालतेय, शेजारी जमलेले. झटका नव्हता. आम्ही रोह्यालाच होतो, त्याला आणला तेव्हा इसीजी मीच काढला आणि तो चांगला होता. पण हिरा तोवर दारातूनच मागे फिरली होती, एसटी पकडून.

चैत्रातल्या एका सकाळी मिठागरावर फळी टेकवून दत्ताराम बांधावर बसला. सोबतचे म्हणाले, नेहमीसारखा बसला. उठला नाही. टेम्पोत घालून पेणला आणला तेव्हा त्याच्या पायांना मीठ तसंच होतं.

गेलेल्या माणसाचाही इसीजी काढतात. नातेवाइकांसाठी असतो तो. सरळ रेघ बघितल्याशिवाय कुणाला खरं वाटत नाही. मी चिमटे लावले. हिरा माझ्या खांद्याशी उभी होती. कागद बाहेर येत राहिला, तिने तो दोन्ही हातांनी झेलला, जणू पुढे कुठेतरी वर-खाली होईल. मी मशीन बंद केली तरी तिने कागद सोडला नाही.

सुलोचना आणि वसंत मर्तिकाला गेले. दवाखान्याच्या खेपा सोडल्या तर बऱ्याच महिन्यांनी वसंत घराबाहेर पडला तो असा. अंगणात सगळ्यांसमोर हिराने त्याच्याकडे बोट केलं. "याला बघून माझा माणूस नाय गेला मुंबयला. याला बघून." त्याचा हात छातीवर होता. सुलोचना त्याला धरून बाहेर घेऊन आली. त्यानंतर दोघी बहिणींचं बोलणं बंद झालं. दोघी माझ्याकडे यायच्या, एक रोह्याला, एक पेणला, रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी. दोघी एकमेकींविषयी एक अक्षर विचारायच्या नाहीत आणि मी कोणाला काही सांगायचे नाही.

मग गणपतचं दुखणं आलं. गणपत हा दत्तारामचा धाकटा भाऊ, टेम्पो चालवायचा. भावाला ज्या टेम्पोतून आणला तो त्याचाच. त्याच घराण्याचं रक्त, तेच दुखणं, तोच अडथळा. अँजिओग्राफीचा कागद घेऊन हिरा त्याला आमच्याकडे घेऊन आली. डॉक्टरसाहेबांनी पुन्हा तेच सांगितलं, आणि गणपतने पुन्हा तेच उत्तर दिलं. "दादाने गोल्यांवर काढली, मीबी काढीन. वसंतदादासारखा नाय होयाचा मना."

योग असा, की त्याच दिवशी वसंत पेणला आला होता. आमच्याकडे तेव्हा नुकताच चालता पट्टा आला होता, ज्यावर माणसाला चालवत इसीजी काढतात. डॉक्टरसाहेबांनी वसंतला त्यासाठी मुद्दाम बोलावलं होतं. मी त्याला पट्ट्यावर चढवला तेव्हा त्याने दांडी इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी पडली. पण चालला. पट्टा चढाचा केला, वेग वाढवला, तरी चालला. शेवटपर्यंत एक रेघ वाकडी झाली नाही. घाम पुसत तो बाहेर बाकावर सुलोचनाशेजारी येऊन बसला आणि त्याच वेळी हिरा डॉक्टरसाहेबांच्या खोलीतून बाहेर आली. मागे गणपत.

मी मध्ये पडायला पुढे झाले. हिराने मला हाताने थांबवलं. ती सरळ वसंतसमोर जाऊन उभी राहिली.

"वसंता," ती म्हणाली. मर्तिकानंतर प्रथमच. "हा माझा दीर. याचाबी तेच हाय. नाय बोलतो. याला सांग. खरा काय ते सांग. दुखतं तुना?"

वसंतने आधी सुलोचनाकडे बघितलं.

"तिला काय बघतस? तुना इचारते मी. दुखतं?"

"नाय," वसंत म्हणाला.

"कवापासून नाय?"

"ऑपरेशन झाल्यापासून. एकदाही नाय."

हिराची नजर त्याच्या छातीकडे गेली. "मग हात? हात का असतो तिकडं?"

त्याने स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि तो खाली घेतला. मांडीवर ठेवला. कुठे ठेवावा कळत नसल्यासारखा उचलून पुन्हा ठेवला. "ताई, भीती वाटते. दुखत नाय. भीती वाटते. हे उघडलंवतं ना, तर वाटतं परत उघडंल. धावलो तर थांबंल. झोपलो तर थांबंल. मशीनवर चांगलं येतं, खोलीतून भायेर पडलो की परत वाटतं."

"तू आमच्यासमोर रडलास."

"भीतीने रडलो."

"आमाला वाटला दुखतंय," हिरा म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. "आमा दोघांना वाटला दुखतंय तुना. तवा का नाय बोललास?"

"पुरुष माणसाने भीती वाटते कसं बोलायचं," तो म्हणाला. "आन कोनी विचारलं नाय. समदे विचारतात दुखतं का. दुखत नाय."

मी तिथेच होते, जेलीची बाटली हातात घेऊन. डॉक्टरसाहेब दारात आले होते. दर महिन्याला त्या माणसाला आम्ही दोघांनी तोच प्रश्न विचारला होता.

मग वसंत गणपतकडे वळला. त्याने शर्टाची बटणं काढली आणि छातीवरची रेघ दाखवली, पँट वर करून पोटरीवरची दाखवली. "हा पाय सुजतो संध्याकाळी. इथं बधिर लागतं. पयले तीन महिने झोपताना हाड कुरकुरतं, ते बरं होतं. दुखणं जातं, खरंच जातं. आत्ता मी पट्ट्यावर चाललो, या बघत होत्या." त्याने माझ्याकडे बोट केलं. "बाकी माझं झालं ते माझ्या डोक्यात झालं. तू परत आल्यावर घरात बसू नको. बसलास की संपलास. कोनी उचलून खुर्चीत बसवला तरी उठ."

गणपत ऐकत होता.

हिरा बाकावर बसली, सुलोचनाच्या शेजारी, मध्ये एका माणसाची जागा ठेवून. मग हिराने विचारलं, "काय खाल्लास का गो सकालपासून?" सुलोचनाने मानेने नाही म्हटलं आणि पदर तोंडाला लावला.

गणपतचं ऑपरेशन झालं. परत आल्यावर हिरा रोज सकाळी त्याला गावच्या रस्त्याने चालवायची, मागून ओरडत. तो बसायला गेला की चारचौघांत शिव्या द्यायची. काही महिन्यांनी त्याने टेम्पो पुन्हा धरला. आमच्याकडे यायचा तेव्हा बाकीच्यांसारखाच कंटाळलेला असायचा. बायपासच्या माणसाने कंटाळणं ही चांगली खूण आहे, हे मला तोवर कळलं होतं.

त्यानंतर डॉक्टरसाहेब ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाला आणखी एक गोष्ट विचारू लागले, भीती वाटते का. विचारल्याबरोबर कुणी हो म्हणत नसे. थोडं थांबलं की म्हणत. वसंतलाही ते कधी कधी बोलावून घ्यायचे, ऑपरेशनला घाबरणाऱ्या माणसाशी बोलायला. तो यायचा, इस्त्रीचा शर्ट घालून, बटणं काढून रेघ दाखवायचा, सगळं खरं सांगायचा. त्याने स्वतः बरं व्हावं असं मात्र झालं नाही. भीती होती तिथेच राहिली आणि तिच्या जोडीला दत्ताराम येऊन बसला. एकदा मला म्हणाला, "शिस्टर, मी शंभर लोकांना सांगीन. पण ज्याला सांगायला पायजे होतं तो माझ्या घरी येऊन गेला, चा पिऊन गेला." पुन्हा कंपनीत तो गेला नाही. हात पुष्कळदा छातीवर असायचा.

दशक संपता संपता वसंतला कावीळ झाली. ती वाढत गेली आणि त्यातच तो गेला. हृदयाचा त्यात काही संबंध नव्हता. शेवटच्या आठवड्यात आमच्याकडे होता. नियम म्हणून मी रोज इसीजी काढायचे.

तो गेला त्या दुपारी हिरा आली. सुलोचनाला धरून खूप वेळ बसली. मग खोलीत माझ्याजवळ आली. मी चिमटे सोडवत होते, फुग्यांचे वळ पुसत होते.

"शिस्टर," तिने विचारलं, "याचा कालीज शेवटपर्यंत चांगला होता ना?"

"हो," मी म्हटलं. "शेवटपर्यंत चांगलं होतं."

तिने त्याच्याकडे बघितलं.

"मग फुकट घाबरला बिचारा," ती म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "आन आमीबी."